तम्मण्णाच्या टेबलाचा वारस

परशराम घाडी पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आला तेव्हा त्याच्या पिशवीत जेवणाचा डबा, कोरड्या ठाक दिवसात छत्री आणि चपलांचा एक जादा जोड होता. जादा जोड कशाला, असं मी विचारलं. "वाटेत तुटली तर काय करायचं, आक्का?" म्हणाला. तुटली तर दुसरी घ्यायची, निपाणीत चपला मिळत नाहीत की काय! पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. दुकान बंद असलं तर, हा पुढचा प्रश्न त्याच्याकडे तयार असायचा.

मी पूर्णिमा, त्याच्या शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट. खातं कुठलं ते सांगणार नाही, मला अजून नोकरी करायची आहे. मागच्या वखारीतली तंबाखू हलवायला लागले की आमचं अख्खं ऑफिस शिंकतं, एवढी खूण पुरे.

परशराम मूळचा गुंजीचा, तिकडं खानापूरच्या जंगलपट्टीतला. घरी म्हातारा बाप रवळू, बायको आणि दहावीतली ऋतिका. हा निपाणीत एका खोलीत भाड्यानं. शनिवारी ऑफिस सुटलं की बेळगावची बस, पुढं रेल्वे मिळाली तर रेल्वे, नाहीतर मिळेल ते. रविवारी घरी दोन घास खातो न खातो तोच परतीची गाडी चुकेल का, याची काळजी सुरू. "पोरगं घरला येतंय खरं, पर तेचं ध्यान टेसनाकडंच असतंय," असं म्हातारा म्हणायचा.

आणि या म्हाताऱ्याचे डोळे चालले होते. आधी एक गेला, दुसऱ्यातलं दिवसेंदिवस कमी होत होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. परशराम दर सोमवारी आला की मला सांगायचा, "आक्का, ह्या खेपेला बा माझ्याकडं बघून बोलला न्हाय. आवाजाकडं बघून बोलला." बापाला आपण दिसतोय तोवर घरी जायचं, एवढंच त्याला हवं होतं. बदलीसाठी अर्ज करून करून पोराचे केस पिकले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशी याच्या बदलीला. आणि एकदाची ती झाली. हुकूम आला, खानापूर.

पण बदलीचा हुकूम म्हणजे नुसती पत्रिका. लग्न लागतं ते साहेबांनी सोडल्यावर. आमचे साहेब नागराज. माणूस वाईट नाही, कुठल्याही कागदावर आपली सही येऊ नये एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा. तरी परशरामची तगमग बघून त्यांनाही दया आली असावी. "येत्या शनिवारी सोडतो तुम्हाला," असं सगळ्यांसमोर म्हणाले. परशरामनं सामान सोमवारीच बांधलं. आणि मंगळवारी तम्मण्णा मेला.

तम्मण्णा कोगनोळीचा. नोकरीला लागला त्या दिवशी कुणीतरी त्याला "बेंगळुरूचं टेबल बघतोस का?" असं विचारलं आणि तो बिचारा हो म्हणाला. त्यानंतर त्याला कुणी काही विचारलंच नाही. दर मंगळवारी बेंगळुरूहून व्हिडिओ मीटिंग असते. पलीकडं डायरेक्टर साहेब, पडद्यावर जिल्ह्याजिल्ह्यांचे चौकोन. हे का नाही झालं, ते का राहिलं, अशी झाडाझडती होते. या सगळ्याला उत्तर देतो तो त्या टेबलावरचा माणूस. बाकीचे आम्ही कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं भिंतीला पाठ लावून उभे. तम्मण्णा इतका भित्रा की आपलं नाव पुकारलं की खुर्चीतून उठून उभा राहायचा. त्यामुळं बेंगळुरूच्या लोकांना इतक्या वर्षांत त्याचा फक्त पट्टा माहीत होता.

त्या मंगळवारी नाव पुकारलं आणि तम्मण्णा उठला नाही. टेबलावर डोकं टेकून बसला होता. डायरेक्टर साहेब ओरडले. हा गप्प. आणखी ओरडले. तरी गप्प. भिंतीपाशी मारुतीराव माझ्या कानात म्हणाले, "शाब्बास रं तम्मण्णा! आज दाखवला बघ इंगा." मारुतीराव आमच्या संघटनेचे पुढारी, त्यांना जिथं तिथं संप दिसतो. मीटिंग संपली, आम्ही त्याची पाठ थोपटायला गेलो, तेव्हा कळलं की तम्मण्णा केव्हाच गेलेला.

संध्याकाळी तिकडं कोगनोळीला अंगणात त्याला बाहेर काढत होते तेव्हा इकडं ऑफिसात ईमेल आला. तम्मण्णाच्या नावानं कारणे दाखवा नोटीस. वरिष्ठांनी विचारणा केली असता हेतुपुरस्सर मौन बाळगल्याबद्दल. मी ती छापून काढली, दुसरं काय करणार, आणि नेऊन त्याच्या टेबलावर ठेवली.

खरी पळापळ त्यानंतर सुरू झाली. कारण नोटीस आता टेबलावर होती, आणि टेबल ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्या गळ्यात ती पडणार होती. शिवाय नियम असा की बेंगळुरूचं टेबल ज्याच्याकडं, त्याला बदली माणूस आल्याशिवाय सोडता येत नाही. निपाणीला बदली माणूस येत नाही. आलाच तर जेवून परत जातो.

मारुतीरावांनी बुधवारी सकाळी पाठदुखीचं सर्टिफिकेट आणलं, त्यावर तारीख सोमवारची. आदर्श म्हणून एक नवा पोरगा आहे, फाईलमध्ये स्पर्धा परीक्षेचं पुस्तक ठेवून वाचतो. मोठा अधिकारी होऊन आमच्यासारख्यांना झापायचं हे त्याचं स्वप्न. त्यानं आपला प्रोबेशनचा कागद टेबलाच्या काचेखाली सगळ्यांना दिसेल असा ठेवला. मी साहेबांना सरळ सांगितलं, माझ्याकडं बघायचं नाही, मी टायपिस्ट आहे, मला टाइप करायला सांगा. राहिला परशराम. त्याच्याकडं सर्टिफिकेट नव्हतं, ओरडायला आवाज नव्हता. होता तो साहेबांचा शब्द, आणि शनिवार अजून यायचा होता. बुधवारी तो काही जेवला नाही. डबा उघडायचा, बघायचा, मिटायचा.

गुरुवारी सकाळी कोगनोळीला रक्षाविसर्जन. आम्ही सगळे ऑफिसच्या जीपमधून गेलो. हायवेवरून ट्रक धडधडत होते. नदीकाठी अख्खा गाव जमलेला. राख सावडून झाली, नैवेद्य मांडला. भाकरी, वांग्याचं भरीत, जिलेबी, चहाचा कप, शेजारी तंबाखूची पुडी. माणसं मागं सरकून उभी राहिली. समोरच्या बाभळीवर कावळा बसलेला होता, नाही असं नाही. पण खाली येईना.

आमच्याकडं कावळा शिवला नाही की माणसं कासावीस होतात. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं समजतात. मग एकेक जण पुढं होऊन शब्द देतो. भावकीतले एक म्हातारे आप्पा पुढं झाले. "तम्मा, प्रियदर्शनीचं लगीन आमी करतो बघ. पोरीची काळजी करू नगोस." कावळा हलला नाही. "घराचा ऱ्हायल्याला स्लॅब टाकतो." तरी नाही. ऊन चढायला लागलं. तम्मण्णाची बायको बायाक्का डोक्यावर पदर घेऊन नुसती बघत उभी होती.

आप्पा आमच्याकडं वळले. "ओ साहेब, हापिसातलं काय ऱ्हायलंय का ह्येचं? बघा की जरा."

नागराज साहेबांना भलताच घाम फुटला. पुढं होऊन, हात जोडून म्हणाले, "तम्मण्णा, तुमचं जे काही असेल ते... वरून आदेश आला की लगेच विचार करू." कावळ्यानं मान दुसरीकडं फिरवली. मग मारुतीराव. पाठ दुखत असूनही ते छाती काढून उभे राहिले. संघटना तुझ्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे, असं राखेला सांगून त्यांनी भाषणच सुरू केलं, तेव्हा गावातल्या कुणीतरी त्यांना शर्ट धरून मागं ओढलं. आदर्शनं डोकं चालवून मोबाइलवर कावळ्याचा आवाज लावला. आधी गंजीफ्रॉकची जाहिरात लागली. तिच्यामागून काव काव सुरू झालं तसा बाभळीवरचा कावळा उडून लांबच्या खांबावर जाऊन बसला.

"बंद कर रं ते!" आप्पा खेकसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "त्यो घरला आला की त्या टेबलाचंच बोलायचा. मी गेलो तर कोण बघंल, मी रजा काढली तर कोण बघंल. ते टेबल कोण बघणार सांगा. नुसतं बघतो म्हणू नगा. नाव घ्या."

नाव घ्या म्हटल्यावर आमची जी दशा झाली ती सांगायची सोय नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द, तोही अख्ख्या गावासमोर. मोडायचा कसा? साहेब पटकन म्हणाले, "मारुतीराव बघतील." सगळ्यांनी खांबाकडं बघितलं. कावळा बसून. मारुतीरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाले, "आदर्श बघंल की. तरणा हाय." कावळा बसून. आदर्श रडकुंडीला येऊन म्हणाला, "पूर्णिमा आक्का बघतील." खोटं कशाला बोलू, मी त्या कावळ्याकडं असं बघत होते, तसं आयुष्यात कुणाकडं बघितलं नसेल. तो बसूनच राहिला. देवा रे, म्हटलं.

मग सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या. परशराम मागं मागं सरकत पार वाळवंटाच्या टोकाला गेला होता, पिशवी पोटाशी धरून.

"तम्मण्णा," मारुतीराव मोठ्यानं म्हणाले, "निवांत ऱ्हा. तुझं टेबल आमचा परशराम बघतोय."

कावळ्यानं पंख पसरले.

तो खांबावरून सुटला, बाभळीवर आला, तिथून खाली. लोक "आला, आला" म्हणून पुटपुटले. तो जिलेबीपासून दोन हातांवर असेल नसेल, तेवढ्यात मागून परशराम धावत आला. "हुश्श! हाड! हाड!" आणि नैवेद्याच्या डोक्यावर त्यानं फटकन छत्री उघडली. कावळा जो उडाला तो नदीपलीकडं.

असलं काही त्या गावानं बघितलं नसेल. एकदम गलका. "याड लागलं काय ह्येला!" म्हणून भावकीतले दोघं हात उगारून धावले. परशराम उघड्या छत्रीखाली उभा. "चुकलं माझं, चुकलं," म्हणत होता, "पर माझ्या बाला दिसंना झालंय वो. त्येला मी दिसतोय तवर मला जाऊ द्या."

बायाक्का पुढं आली. आता ही याच्या थोबाडीत देणार, असं मला वाटलं. तिनं हात उगारलेल्यांना मागं सारलं. "ती छत्री मिटा आधी, भावजी," म्हणाली. त्यानं मिटली. "तुमीच गुंजीचे न्हव? तुमची बदली झाल्याली ह्यांनी सांगितली व्हती. परशा सुटला, परशा सुटला म्हणत व्हते. लई दिवसांनी हासत जेवले त्या दिवशी."

मग ती आमच्याकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. "जलमभर त्या टेबलापासनं उठू दिलं न्हाईसा त्यास्नी. आता राखंपतूर टेबल घेऊन आलाय व्हय?" आणि आम्ही काही बोलायच्या आत नैवेद्यापाशी वाकून, घरात बोलावं तशी म्हणाली, "अवो, हापिस सुटलं. आता कुणाचं काय ऐकू नगा. जावा निवांत."

सगळे मागं सरले. थोड्या वेळानं कावळा आला. तोच होता की दुसरा, भुकेनं आला की कशानं, मला माहीत नाही. त्यानं आधी भाकरी उचलली. मी रडले, एवढं मला माहीत आहे.

वाटलं, आता सुटलं सगळं. पण जीप हायवेला लागेपर्यंतच. नागराज साहेब पुढच्या सीटवरून मान न वळवता म्हणाले, "तरी पण, पहिल्यांदा तो उतरला परशरामच्याच नावावर. सगळ्यांनी बघितलंय."

"साक्षीदार हायत," मारुतीराव म्हणाले. "आणि ह्यानं हाकलला. म्हंजे तम्मण्णाचं देणंच लागतो ह्यो."

परशराम मागच्या सीटवर छत्री गुडघ्यात धरून बसला होता. एकच मंगळवार बस, नोटिशीचं मिटव, की लगेच सोडतो, असं साहेबांनी त्याला समजावलं. शनिवार आला आणि गेला. त्या रविवारी तो गुंजीला गेला नाही. बापाला काय सांगू, म्हणाला.

मंगळवारी तो त्या खुर्चीवर बसला. आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून उभे. पडदा लागला. आमच्या चौकोनाखाली नाव अजून तम्मण्णाचंच होतं. तम्मण्णा वारल्याचा रिपोर्ट वर गेलाच नव्हता, कारण त्यावर साहेबांना सही करावी लागली असती.

"तम्मण्णा," डायरेक्टर साहेब कन्नडमधून म्हणाले, "मागच्या वेळी गप्प का बसला होता?"

परशरामचा चेहरा पांढराफटक पडला. नागराज साहेब भिंतीपासून खुणा करायला लागले, हो म्हण, मिटवून टाक. मारुतीरावही मान हलवत होते. त्यात वाईट काय, असं मलाही घटकाभर वाटलं. एक माफी मागायची, विषय संपला. पण वाईटात वाईट काय होईल याचा विचार करण्यात परशरामची हयात गेली होती, त्यामुळं त्याला ते आमच्या आधी दिसलं. आज हो म्हटलं की बेंगळुरूच्या लेखी तम्मण्णा जिवंत. खुर्ची भरलेली. मग बदली माणूस कशाला पाठवतील? परशराम घाडी मरेपर्यंत तम्मण्णा म्हणून इथंच बसणार. आणि तिकडं बायाक्काला पेन्शन मिळायची नाही, तिचा नवरा कामावर हजर आहे म्हणून.

तो उठून उभा राहिला नाही. बसूनच, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाला, "सर, मी तम्मण्णा नाही. मी परशराम घाडी. तम्मण्णा मागच्या मंगळवारी वारले. याच खुर्चीत, तुम्ही ओरडत होता तेव्हा."

डायरेक्टर साहेबांनी पेला उचलून पाणी प्यायलं. आता दोन शब्द हळहळीचे बोलतील, असं वाटलं. ते शेजारच्या माणसाशी काहीतरी कुजबुजले आणि म्हणाले, "मग नोटिशीचं उत्तर कोण देणार? उत्तर येईपर्यंत त्या ऑफिसातल्या कुणालाही सोडू नका."

परशरामनं खुर्ची मागं सारली, पिशवी खांद्याला लावली, छत्री घेतली. "आक्का, येतो," म्हणाला आणि दारातून बाहेर पडला. साहेबांना त्याला हाक मारता आली असती. मारुतीराव दारापाशीच होते, हात धरता आला असता. पण जो पुढं होणार तो कॅमेऱ्यात येणार होता, आणि रिकाम्या खुर्चीपाशी सापडणार होता. कुणी जागचं हललं नाही. मला त्याचा हेवा वाटला.

"हलो, निपाणी? कोण आहे तिथं?" बेंगळुरूहून आवाज येत राहिला.

तो आता गुंजीत आहे. खानापूरचं ऑफिस त्याच्याकडं सोडल्याचा कागद मागतं आणि इकडं तो काढायला कुणी नाही. म्हणजे तोही अधांतरीच, पण घरी अधांतरी. फोनवर सांगत होता, बापानं दारात उभं करून, उजेडाकडं तोंड करायला लावून त्याला नीट बघून घेतलं, आणि "वाळलास रं" म्हणाला. न सांगता गेल्याबद्दल त्याला नोटीस काढायची आहे, पण ती निघते बेंगळुरूच्या टेबलावरून, आणि त्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नाही.

बायाक्काचे पेन्शनचे कागदही तिथंच पडले आहेत. दर मंगळवारी पडदा लागतो, रिकामी खुर्ची दिसते, कोण आहे तिथं असं विचारतात, आणि आम्ही भिंतीला चिकटतो. मागच्या खेपेला मारुतीरावांनी पाठदुखीचं नवं सर्टिफिकेट आणलं. आदर्श परीक्षेच्या रजेवर गेला. नागराज साहेबांनी राहिलेल्यांवरून नजर फिरवली. राहिलेली मी एकटीच होते. आज सोमवार आहे.